नववीच्या वर्गाला रहस्यनाट्य दाखवताना: एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पुण्यापासून सातारा रस्त्याने सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरची मराठी माध्यमाची एक अनुदानित शाळा. नववीच्या दोन तुकड्या. गावातल्या जत्रेतला तमाशा, गणपतीतलं हौशी नाटक आणि शाळेचं स्नेहसंमेलन एवढीच बहुतेक मुलांची रंगमंचाशी ओळख. तिकीट काढून नाट्यगृहात बसलेली मुलं दोन-चारच. या शाळेने मुलांना पहिलं व्यावसायिक नाटक दाखवायचं ठरवलं आणि त्यासाठी खुनाचं रहस्यनाट्य निवडलं. दोन अंक, सहा पात्रं, थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यातला एकच दिवाणखाना, बाहेर पाऊस. प्रयोग शनिवारी दुपारी साडेबाराचा, पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिरात. गेले ७६ विद्यार्थी आणि ८ शिक्षक. शाळेचं नाव इथे दिलेलं नाही. नाटकाचंही दिलेलं नाही, कारण पुढे त्याच्या रचनेबद्दल बोलावं लागणार आहे आणि रहस्यनाट्याचा शेवट फोडणं हा ते करणाऱ्यांवर अन्याय आहे.

निवडीवर शिक्षकखोलीत वाद झाला. पहिलंच नाटक दाखवायचं तर ऐतिहासिक दाखवा, विनोदी दाखवा, खून कशाला, असा एक पक्ष. आमच्या मते निवड योग्य होती आणि तिचं कारण नुसतं ‘मुलांना आवडेल’ हे नाही. सिनेमात टेबलावरची किल्ली महत्त्वाची असली की कॅमेरा तिच्यावर जाऊन थांबतो. रंगमंचावर कुठे पाहायचं हे प्रेक्षकाने ठरवायचं असतं. सहा माणसं एकाच वेळी समोर असतात, बोलतो एक आणि महत्त्वाची हालचाल करतो दुसराच. इतर नाटकांत हे निसटलं तरी गोष्ट कळते. रहस्यनाट्यात निसटलं की दुसऱ्या अंकात त्याची किंमत मोजावी लागते आणि ती मोजताना मुलांना प्रकाश, जागा, थांबणं, पाठ फिरवणं या सगळ्याची भाषा आपोआप लक्षात येते. नाटक कसं पाहायचं हे शिकवायला याहून चांगला प्रकार नाही.

आधी दोघांनी पाहिलं

प्रयोगाच्या तीन आठवडे आधी मराठीच्या बाई आणि विज्ञानाचे सर, असे दोघं हेच नाटक दुसऱ्या नाट्यगृहात पाहून आले. दोन तिकिटांचा हा खर्च वाचवायला जाऊ नये. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतं, पण आपल्या वर्गातल्या अमक्या मुलाला हे झेपेल का, याचं उत्तर त्या प्रमाणपत्रात नसतं. जाहिरातीतून किंवा परीक्षणातून ते कळत नाही, कारण परीक्षण लिहिणारा शेवट लपवतो आणि अडचणीच्या जागा बहुतेक वेळा शेवटाच्या आसपासच असतात.

दोघांनी कामं वाटून घेतली होती. बाईंनी संवादाकडे लक्ष ठेवलं: शिवी, दुहेरी अर्थाचं वाक्य, दारूचा प्रसंग, बाईवर हात उगारणं. सरांनी तंत्राकडे: बंदुकीचा आवाज, पूर्ण काळोख, धूर, लुकलुकणारा प्रकाश. अंधारात लिहिता येत नाही, म्हणून मध्यंतरात आणि प्रयोगानंतर लगेच प्रत्येकाने आपल्या नोंदी अंदाजे वेळेसह उतरवल्या. निष्पन्न झालं ते असं. पहिल्या अंकात व्हिस्कीचा एक प्रसंग, एक शिवी. पहिल्या अंकाच्या शेवटी गोळीचा आवाज आणि संपूर्ण ब्लॅकआउट. दुसऱ्या अंकात वादळ, त्यात विजेसाठी पांढऱ्या प्रकाशाचे झटके. रक्त जवळजवळ नाही. आणि कथेचा कणा असा की पहिल्या अंकातला मृत्यू आधी आत्महत्या वाटतो, मग खून ठरतो.

यातल्या दोन गोष्टींवर नंतर खरं काम करावं लागलं, वीज आणि आत्महत्या. व्हिस्की आणि शिवी यांची चर्चा शिक्षकखोलीत सर्वांत जास्त झाली, पण मुलांच्या दृष्टीने ती बिनमहत्त्वाची होती.

वर्गात फिट येणारी एक मुलगी होती, औषध नियमित चालू. लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा त्रास फिट येणाऱ्या सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतो. पण ज्यांना होतो त्यांना सेकंदाला तीनपेक्षा जास्त झटके धोक्याचे ठरू शकतात. सरांनी नाटकाच्या व्यवस्थापकांना फोन करून नेमकं विचारलं: स्ट्रोब (वेगाने लुकलुकणारा दिवा) वापरता की दिवा हाताने मारता? वीज किती वेळ चमकते? धूर कशाचा? उत्तर मिळालं की स्ट्रोब नाही, प्रकाशयोजनाकार बोर्डावरून चार-पाच अनियमित झटके देतो, धूर नाही. असं थेट विचारलं तर मंडळी नीट उत्तर देतात. ‘लहान मुलांना चालेल ना?’ असं विचारलं तर ‘चालेल की’ एवढंच ऐकू येतं. ही माहिती पालकांमार्फत मुलीच्या डॉक्टरांपर्यंत गेली आणि त्यांच्या होकारानंतर तिचं नाव यादीत आलं. तिला सांगून ठेवलं की वीज सुरू झाली आणि बरं वाटेनासं झालं तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा. नुसतं डोळे मिटून उपयोग होत नाही, कारण झगमगाट पापण्यांतून आत येतो. आठही शिक्षकांना फिटचा प्रथमोपचार पुन्हा सांगण्यात आला: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, वेळ मोजायची, पाच मिनिटांवर गेली तर १०८. प्रत्यक्षात काही झालं नाही. तरी ही तयारी पुढच्या प्रत्येक खेपेला करायचीच आहे.

परवानगीपत्र आणि एक मुलगा

सहलीचं छापील परवानगीपत्र इथे पुरत नाही. त्यात ठिकाण, वेळ, वर्गणी आणि ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ एवढंच असतं. या शाळेने वेगळं पत्र लिहिलं. त्यातला कामाचा भाग असा होता: “हे रहस्यनाट्य आहे. यात एका पात्राचा मृत्यू दाखवला जातो, बंदुकीचा मोठा आवाज होतो, काही क्षण पूर्ण अंधार होतो. मृत्यूचं कारण सुरुवातीला आत्महत्या असल्याचं बोललं जातं. घरात नुकतीच एखादी दुःखद घटना घडली असेल किंवा पाल्याला याचा त्रास होईल असं वाटत असेल तर वर्गशिक्षकांना भेटावं अथवा फोन करावा. कारण लिहून देण्याची गरज नाही.” शेवट फुटत नाही आणि पालकाला जे कळायला हवं ते कळतं. ‘लिहून देण्याची गरज नाही’ हे वाक्य फार मोलाचं आहे. अशा गोष्टी कागदावर उतरवायला घरचे तयार नसतात, म्हणून मग काहीच न सांगता सही करून पाठवतात.

पत्र पाठवून थांबायचं नसतं. वर्गशिक्षकांनी हजेरीपट समोर घेऊन एकेका नावावर विचार केला. एका मुलाच्या चुलत्याने वर्षभरापूर्वी आत्महत्या केली होती, एकत्र कुटुंबात, त्याच घरात. त्याच्या घरून पत्र सही होऊन आलं होतं, फोन आलेला नव्हता. बाई आधी त्याच्या आईशी बोलल्या, मग त्याच्याशी, वर्गाबाहेर, एकट्याशी. नाटकात नेमकं काय घडतं ते त्याला सांगितलं. तो मृत्यू आत्महत्या नसतो हेही सांगितलं, म्हणजे त्याच्यापुरता रहस्याचा अर्धा भाग फोडला. तीन पर्याय त्याच्यापुढे ठेवले: यायचं नाही, आणि वर्गात कुणी विचारलं तर घरचं काम होतं एवढंच सांगायचं; यायचं आणि कडेच्या खुर्चीवर बाईंशेजारी बसायचं, खूण केली की दोघांनी बाहेर पडायचं; किंवा यायचं आणि इतरांसारखं बसायचं. त्याने दुसरा निवडला. बाहेर पडायची वेळ आली नाही.

रहस्य टिकावं म्हणून अशा मुलापासून ही माहिती लपवणं चूक आहे. इतर ७५ जणांचं आश्चर्य शाबूत राहतं, एकाचं कमी होतं आणि त्या एकाला अंधारात, सगळ्यांच्या मध्ये, अनपेक्षितपणे ते ऐकावं लागत नाही.

तिकिटं आणि खुर्च्या

शाळेपुढे सुरुवातीला तीन पर्याय होते. आसपासच्या दोन शाळा मिळून अख्खा प्रयोग कॉन्ट्रॅक्टवर घ्यायचा. बाल्कनीतली स्वस्त तिकिटं एकगठ्ठा घ्यायची. किंवा खाली, मागच्या ओळींत बसवायचं.

पहिला पर्याय आकर्षक दिसतो, दर डोई खर्चही कमी येऊ शकतो. पण सगळं प्रेक्षागृह चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी भरलं की रहस्यनाट्य उभं राहत नाही. ब्लॅकआउटला एकाने शिट्टी मारली की पाचशे मारतात आणि गोळीनंतरची जी शांतता दिग्दर्शकाने मोजून ठेवलेली असते ती मिळत नाही. सर्वसाधारण प्रेक्षकांत बसलेली मुलं त्यांच्याकडे पाहून गप्प होतात. कुठे श्वास रोखायचा, कुठे हसायचं हे मोठ्या माणसांच्या शेजारी बसून फार लवकर कळतं.

बाल्कनी दोन कारणांनी नाकारली. एक, रहस्यनाट्यात ग्लास कुणी उचलला, खिशात काय गेलं, हे दिसायला हवं. दोन, बालगंधर्वसारख्या सुमारे हजार आसनांच्या नाट्यगृहात बाल्कनीच्या कठड्यावर अंधारात वाकलेली उत्साही मुलं ही नसती जोखीम आहे.

खालच्या मागच्या ओळींचा दर ४०० रुपये होता, बाल्कनीचा ३००. ८४ तिकिटांमागे फरक ८,४०० रुपयांचा. व्यवस्थापकांना शाळेच्या लेटरहेडवर विनंती केली आणि बाल्कनीच्या दरात खालच्या खुर्च्या मिळाल्या, एकूण २५,२०० रुपये. शनिवार दुपारच्या प्रयोगाला आगाऊ बुकिंग कमी असतं, म्हणून हे जमलं. रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या प्रयोगासाठी हीच विनंती बहुधा मान्य झाली नसती. विनंती प्लॅन लागण्याच्या, म्हणजे खुर्च्यांचा आराखडा लावून तिकीटविक्री सुरू होण्याच्या, आधी करावी लागते. एकदा खिडकीवर प्लॅन लागला की मनासारख्या खुर्च्या राखून ठेवणं व्यवस्थापकांच्याही हातात राहत नाही.

खुर्च्यांची मांडणी हा या प्रकरणातला सर्वांत चांगला विचार केलेला भाग. ७६ मुलांचे आठ गट केले, चार गट दहांचे, चार नऊंचे. प्रत्येक गटाला एक शिक्षक. गटाच्या सगळ्या खुर्च्या सलग, पण शिक्षकाची खुर्ची नेहमी मधल्या वाटेच्या कडेला. शिक्षक मुलांच्या मधोमध बसला की त्याला उठता येत नाही आणि उठला तर ओळभर गुडघे हलतात. लघवीला वरचेवर जावं लागणारी, मळमळणारी, दम्याची मुलं शिक्षकाच्या लगतच्या दोन खुर्च्यांवर. जिवलग मित्र वेगवेगळ्या गटांत टाकले नाहीत. तसं केलं की ते ओळी ओलांडून खुणा करत राहतात. त्यापेक्षा एकत्र बसवून मध्ये एक शांत मूल ठेवणं सोपं.

बस एसटीची, प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी आगारात द्यावी लागते. दोन गाड्या, ४४ आसनांच्या. चार आसनं मोकळी राहिली आणि ती मुद्दाम मोकळी ठेवली: घाटात उलटी करणाऱ्यांना पुढे सरकवायला जागा लागते.

तीन तासिका

नाटकाआधी तीन तासिका दिल्या. पहिलीत रंगमंचाची ओळख: पडदा, विंग, नेपथ्य, तीन घंटा, नटाचा डावा हात आणि प्रेक्षकाचा डावा हात वेगळा असतो ही गोष्ट. दुसरीत एक प्रयोग. तास चालू असताना शाळेचे लिपिक वर्गात आले, टेबलावरचं डस्टर उचललं, फळ्याजवळ क्षणभर थांबले, खिडकी लावली आणि गेले. दहा मिनिटांनी मुलांना लिहायला सांगितलं: काय नेलं? कोणत्या हाताने? खिडकी आधी लावली की डस्टर आधी उचललं? शर्टाचा रंग? उत्तरं इतकी वेगवेगळी आली की वर्ग पुढची वीस मिनिटं आपसात भांडत होता. यात शस्त्र, आरडाओरडा, खोटी चोरी असलं काही आणू नये. मुलं घाबरली की ती निरीक्षणाबद्दल काहीच शिकत नाहीत आणि एखाद्यावर खरोखरचा आळ येतो.

१९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला जातो हे मोजायला लावून माणसांना एक चित्रफीत दाखवली. मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं आणि जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. हे तासिकेत मुद्दाम सांगितलं, कारण रहस्यनाट्याचा दिग्दर्शक नेमकं हेच करतो. तो महत्त्वाची वस्तू लपवत नाही, आपलं लक्ष दुसऱ्या कामाला लावतो.

तिसरी तासिका वागण्याची. मोबाइल गाडीतच, शिक्षकांच्या पिशवीत. सायलेंटवर नव्हे, बंद. प्रेक्षागृहात मोबाइल वाजल्यामुळे मराठी नटांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या मुलांनी ऐकलेल्या होत्या, त्यामुळे हे पटकन पटलं. टिकटिक वाजणारी घड्याळं, कुरकुरीत पुड्या, पैंजण यांचा उल्लेख केला. आणि शेवट न सांगण्याचा करार. लंडनमध्ये १९५२ पासून चाललेल्या ‘द माउसट्रॅप’ या ॲगाथा ख्रिस्तींच्या नाटकात प्रयोगाअखेर प्रेक्षकांना खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी विनंती करतात, हे मुलांना फार आवडलं.

करार झाला तरी एक गळती आधीच झालेली होती. एका मुलाच्या पुण्यातल्या मावसभावाने नाटक पाहून त्याला शेवट सांगितला होता आणि तो आणखी तिघांना ठाऊक झाला होता. शिक्षकांना प्रयोगाच्या दोन दिवस आधी कळलं. रागावण्याऐवजी त्या चौघांना वेगळं काम दिलं: खुनी आपल्याला ठाऊक आहे, तर तो पहिल्या अंकात प्रेक्षकांपासून कसा लपवला आहे ते पाहा. कुठे उभा असतो, कोणत्या वाक्याच्या वेळी पाठ फिरवतो, प्रकाश त्याच्यावर कधी नसतो. चौघांनी हे काम मनापासून केलं आणि सोमवारच्या चर्चेत सर्वांत बारीक निरीक्षणं त्यांचीच निघाली.

शनिवार

साडेबाराच्या प्रयोगाची मुख्य अडचण पोटाची. सकाळी आठला निघालेली मुलं साडेबाराला उपाशी बसली की मध्यंतरापर्यंत कुणाचंच लक्ष राहत नाही. आणि ७६ मुलांचा डबा रंगमंदिराबाहेरच्या जंगली महाराज रस्त्यावर उघडायला जागा नाही. मुख्याध्यापकांनी शहरातल्या एका ओळखीच्या शाळेला आधी पत्र दिलं होतं. तिथे साडेदहा ते पावणेबारा थांबा घेतला: डबा, पाणी, स्वच्छतागृह. हा थांबा नसता तर पुढचं सगळं कोसळलं असतं, आणि याचं कारण साधं गणित आहे. ४० मुली, नाट्यगृहात समजा सहा शौचालयं वापरात, प्रत्येकीला दोन मिनिटं, म्हणजे सात फेऱ्या, चौदा मिनिटं. तेही इतर बायका रांगेत नाहीत असं धरून. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. म्हणजे मध्यंतरात सगळ्यांनी जायचं हे शक्यच नव्हतं.

रंगमंदिराच्या दारात बस जेमतेम मुलं उतरवण्यापुरती थांबू शकते. उतरण्याचा क्रम गटाने, गटप्रमुख शिक्षक आधी खाली, मोजणी फुटपाथवर नव्हे तर आवारात. बारा वाजता सगळी आत, दुसऱ्या घंटेच्या आधी खुर्चीवर. रहस्यनाट्यात हे विशेष महत्त्वाचं आहे. पहिल्या दहा मिनिटांत लेखक सर्वांत जास्त धागे पेरतो, कारण तेव्हा प्रेक्षक अजून सावरत असतो, उशिरा आलेले बॅटरीच्या उजेडात खुर्च्या शोधत असतात. या नाटकात खुनाची गुरुकिल्ली असलेलं वाक्य पहिल्या सात-आठ मिनिटांत येऊन जातं.

गोळी झाली, काळोख झाला. दोन किंकाळ्या, मग हशा. हा हशा उद्धटपणाचा नसतो. या वयाची मुलं भीती हसून सांडतात आणि कुणी काही केलं नाही तर तो दहा-पंधरा सेकंदांत विरतो. सात शिक्षक गप्प राहिले. एका सरांनी मोठ्याने “श्शू” केलं, मागच्या ओळीने त्या “श्शू”ला हसून दाद दिली आणि ती जागा लांबली. शिक्षकाने अशा वेळी वळूनही पाहू नये.

मध्यंतरातली पंधरा मिनिटं

इथे नियोजन अर्धं फसलं. ठरलं होतं ते असं: प्रत्येक गट खुर्चीवरच थांबेल, प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं कार्ड आणि पेन्सिल मिळेल, पाच मिनिटांत तीन गोष्टी लिहायच्या. संशय कुणावर. कोणत्या पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीमुळे. कोणती गोष्ट जुळत नाही. कार्ड गटाच्या पाकिटात, पाकीट बंद. मग ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी बाहेर जायचं. पाच गटांनी हे बरोबर केलं. उरलेल्या तीन गटांतली बरीच मुलं पडदा पडताक्षणी बटाटेवड्याच्या वासाने बाहेर पळाली, कारण त्यांच्या शिक्षकांनी कार्ड आधी खिशात न ठेवता एका पिशवीत ठेवली होती आणि पिशवी ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिसरी घंटा झाली तेव्हा बाराएक मुलं रांगेत वडा हातात घेऊन उभी होती. दुसऱ्या अंकाची पहिली दोन मिनिटं त्यांना खुर्च्या शोधण्यात गेली.

वडा मिळणं हा नाट्यगृहाच्या आनंदाचाच भाग आहे, तो नाकारू नये. पण वडे सांगायचे असतील तर प्रयोगाआधी उपाहारगृहात ऑर्डर देऊन, गटाने वाटून द्यावेत, नाहीतर प्रयोगानंतर. त्या दिवशी नंतर मिळाले असते, प्रयोग तीनच्या सुमारास संपला आणि बस साडेतीनला होती.

कार्डांचं वाचन मात्र मेहनतीचं चीज करणारं ठरलं. निम्म्याहून अधिक मुलांनी संशयित म्हणून नोकराला धरलं होतं आणि कारण म्हणून ‘तो विचित्र हसला’, ‘त्याचा चेहराच तसा आहे’ असं लिहिलं होतं. गरीब माणूस, नोकर, काळा कोट, हे लेखकाने मुद्दाम मांडलेलं आमिष, आणि वर्गाने ते पूर्ण गिळलं. त्याच मुलांपैकी काहींची आई, वडील दुसऱ्यांच्या घरी काम करतात. या गोष्टीवर सोमवारी जी चर्चा झाली ती कोणत्याही मूल्यशिक्षणाच्या तासिकेपेक्षा खोल गेली, कारण मुलांच्या हातात त्यांच्याच अक्षरातला पुरावा होता. कार्डं बंद पाकिटात ठेवण्याचं कारणही हेच: शेवट कळल्यावर ‘मला आधीच माहीत होतं’ म्हणायची सोय राहत नाही.

सोमवारी

दोन सलग तासिका दिल्या. फळ्यावर तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, मानलं. मुलं एकेक पुरावा सांगत गेली आणि वर्गाने ठरवायचं की तो कोणत्या रकान्यात. ‘त्याने तिला विष दिलं’ हे पहिल्या रकान्यात लिहायला सांगणाऱ्या मुलीला दुसरीने अडवलं: आपण त्याला ग्लास देताना पाहिलं, विष देताना नाही. इथून पुढे शिक्षकांना फार बोलावं लागलं नाही.

त्यानंतर कायद्याचा एक मुद्दा घेतला आणि तो रहस्यनाट्यानंतर घ्यायलाच हवा. शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, खुनी कबुली देतो, टाळ्या पडतात. मुलांना विचारलं, आता याला शिक्षा होणार का? सगळे हो म्हणाले. पण भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम २३ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध न्यायालयात सिद्ध करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यातही ही तरतूद होती. मग इन्स्पेक्टरकडे उरलं काय? ग्लास, किल्ली, पावसात भिजलेला कोट, वेळेचा हिशेब. मुलांनी तेवढ्यावर खटला उभा करून पाहिला आणि त्यांना दिसलं की तो बराच लंगडा आहे. खुनाच्या जुन्या कलमाचा ‘३०२’ हा आकडा सगळ्यांना पाठ होता. १ जुलै २०२४ पासून खुनाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे, हे नवीन होतं. विज्ञानाच्या सरांनी बोटांच्या ठशांचा धागा घेतला आणि १८९७ साली कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं, ते जगातलं पहिलं, एवढं सांगून शाईच्या पॅडवर प्रत्येकाचा अंगठा उमटवून घेतला.

ज्या मुलाशी बाई आधी बोलल्या होत्या त्याच्याशी त्या सोमवारी सकाळी पुन्हा बोलल्या, वर्गचर्चेच्या आधी. चर्चेत आत्महत्येचा विषय किती वेळ राहील हे त्याला सांगितलं आणि बाईंनी तो खरोखर आवरता ठेवला. ‘आत्महत्या वाटावी म्हणून खुन्याने काय काय केलं’ हा प्रश्न मुलांना ओढून नेणारा असतो, पण त्याची तपशीलवार उकल वर्गात करायची गरज नाही.

पुढच्या वर्षाच्या फायलीत

शाळेने बदल लिहून ठेवले आहेत. कार्ड आणि पेन्सिल बसमधून उतरतानाच प्रत्येकाच्या खिशात. वड्यांची ऑर्डर आधी. प्रयोग रद्द झाला तर काय, हे व्यवस्थापकांकडून आणि आगाराकडून लेखी घ्यायचं: नट आजारी पडला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण बसचं भाडं भरलेलं असतं आणि कराराची तारीख ऐनवेळी सहज बदलून मिळत नाही. या वेळी ते निभावलं, कारण प्रयोग झाला. वर्गणी न देऊ शकणाऱ्या मुलांचा भार माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून उचलला होता. ती यादी या वेळी वर्गात वाचली गेली नाही, पुढेही वाचायची नाही. आठवीच्या मुलांना नववीने शेवट सांगितला का, याची चौकशी वर्गशिक्षकांनी करायची नाही असं ठरलं आहे. पुढच्या वर्षी नाटक दुसरं असेल आणि पाहून येणारे दोन शिक्षकही दुसरे, म्हणजे नोंदी कशा करायच्या हे आणखी दोघांना येईल.